नवरीचे मामा आणि सासऱ्यांचा कान

उटनूरला आमच्या शेजारी लग्न होतं, म्हणून नवरीचे मामा आंघोळीला आमच्याकडे आले. आमची न्हाणी हीच माझी डार्करूम. बायकोला तिच्या वडिलांचा मोठा फोटो दुसऱ्या दिवशी माहेरी न्यायचा होता, आणि फोटो मोठा करायच्या जुन्या यंत्राचं, एन्लार्जरचं डोकं एका बाजूला कलल्यामुळे सासऱ्यांचा डावा कान स्पष्ट, तर उजवा धुरकट येत होता.

पंचा गुंडाळलेले मामा लाल दिव्याच्या उजेडात शिरले आणि बादली सोडून यंत्राकडेच बघत राहिले.

“हे काय करून राह्यले, मास्तर?”

“सासऱ्यांचा कान नीट करतोय.”

“आमच्या सासऱ्याचं तं डोस्कंच वाकडं हाय. थांबा, मी धरतो.”

त्यांनी यंत्राचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि मी स्क्रू आवळू लागलो. तेवढ्यात बाहेर भोंग्यावर पुकारा झाला, “नवरीचे मामा असतील तिथून मांडवात या.”

“जा तुम्ही,” मी म्हणालो.

“भटजी थांबते. कान पुन्हा कलला तं?”

शेवटी फोटोच्या कागदावर उजेड पाडून तो रसायनात टाकला. हळूहळू मिशा उमटल्या, मग दोन्ही कान. मामांनी सासऱ्यांना वाकून हात जोडले आणि आंघोळ न करताच मांडवाकडे पळाले. परक्या सासऱ्यासाठी भाचीचं लग्न थांबवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पंगतीत ते सगळ्यांना सांगत होते, “मास्तरच्या न्हाणीत पाण्यातून सासरे निघते.”

तेव्हापासून शेजारचा एकही पाहुणा आमच्याकडे आंघोळीला येत नाही.