शुक्रवारचा उपास

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही, भावाला नाही. प्रार्थनेतही सरळ शब्दांत नाही — देवाला ठाऊक आहेच, असं म्हणून मी पुढच्या मागणीकडे वळायचो.

कोल्हापुरात मंडळीतली माणसं मला संयमी म्हणतात. लग्नाआधी तरुणांना माझ्याकडे पाठवतात. राग कसा गिळावा, नजर कशी आवरावी, वासनेला कसं उपाशी ठेवावं — हे मी त्यांना शिकवतो. चांगलं शिकवतो, म्हणतात. आणि ती पोरं किती विश्वासानं ऐकतात!

तरुणपणी मी इथल्याच मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचं घर मूळचं शाहूवाडीकडचं, पाटलाचं. मी लहान असताना वडील ख्रिस्ती झाले. मानमोडीच्या तापानं माणसं पटापट मरत होती, तेव्हा राहेल दवाखान्यात परिचारिका म्हणून आली. तीही ख्रिस्ती, पण महारवाड्यातली. कपाळावरचा घाम ती मनगटाच्या पाठीनं पुसायची. ती ओसरीत आली, की माझ्या हातून औषध मापाबाहेर ओतलं जायचं. गुडघे टेकून मी ते प्रेम मनातून काढायला बघायचो — निघायचं नाही. पण कबुली त्याची नाही. प्रेम करणं कुठं पाप आहे?

साथ ओसरली तेव्हा एका शुक्रवारी तिनं मला घरी जेवायला बोलावलं. तिच्या आईनं गरम भाकरी वाढली, वर झुणका, कडेला कांदा. भूक सपाटून लागली होती. आणि माझा हात — हात उचलेना. मिशनच्या देवळात आम्ही एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं होतं. पण ते देवळात. हे तिच्या चुलीवरचं होतं.

मी म्हणालो, "आज माझा उपास आहे."

राहेलनं ताट मागं घेतलं — किती आदरानं! पुढं तिनं बोलावलं, की माझा उपास असायचाच. तिनं ते कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. पाळकांनी उपदेशात माझा दाखला दिला. मी मान खाली घालून बसलो; लोकांना ती नम्रता वाटली.

एके दिवशी ती म्हणाली, "शुक्रवारी मीबी धरते तुमच्यासंगं. मनाला वळण लागतंय." दिवसभर रोग्यांचं करून ती उपाशी राहू लागली. आणि मी? मी खोलीवर जाऊन जेवत होतो.

तिच्या आईनं ओळखलं. अंगणात माझ्यासमोरच म्हणाली, "उपास न्हाय त्यो, पोरी. इटाळ हाय. आपल्या हातचं ह्येच्या घशाखाली उतरत न्हाय."

राहेल माझ्याकडे वळली. "खरं हाय व्हय?"

तेव्हा खुद्द कोल्हापूरचे महाराज महारवाड्यातल्या माणसाच्या हॉटेलात चहा घेतात, असं गावभर बोललं जात होतं. मला एक घास घ्यायचा होता. नाहीतर निदान खरं बोलायचं होतं — व्हय, माझ्यात ती घाण आहे, पण तुझ्यावाचून मला करमत नाही. एवढं म्हणालो असतो तर?

"उपासच आहे," मी म्हणालो. प्रभूचं नाव घेऊन म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. पुन्हा तिनं कधी बोलावलं नाही.

तिचं लग्न इचलकरंजीच्या एका शाळामास्तराशी झालं. माझा जीव तिच्यात होता, हे मंडळीत काहींना कळलं होतं. सेवेसाठी मी मन मारलं, असं ते म्हणू लागले. मी त्यांना म्हणू दिलं. आजही म्हणू देतो. लग्न मी केलं नाही — त्यालाही त्यांनी त्यागच म्हटलं.

बऱ्याच वर्षांनी मिशनच्या कामानं इचलकरंजीला गेलो. भर दुपारी उन्हातून चालत तिचं घर शोधलं. का गेलो? नुसतं बघायला. ती दारात आली. कानांपाशी केस पांढरे होऊ लागले होते. घाम अजून तसाच पुसत होती. "बरं हाय न्हवं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं नवऱ्याची, मुलींची खुशाली सांगितली, हसून सांगितली. घशाला कोरड पडली होती. आतल्या माठावर पितळी तांब्या पालथा घातलेला दिसत होता.

दारात आलेल्या पावण्याला तिनं पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.