बावीस बाटल्या आणि धुरपताबाईची विहीर

उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी स्वतःचाच तालुका मिळाला, तेव्हा रेणू कापगतेचं तोंड एवढंसं झालं. बीएस्सीच्या मैत्रिणी नागपूरच्या प्रयोगशाळांत निघाल्या होत्या, अन् हिच्या वाट्याला सडक अर्जुनीकडच्या धानाच्या बांध्या, तलाव आणि विहिरी. शेतात टाकलेलं खत पाण्यात किती उतरतं, ते शोधायचं होतं. गोंदियाच्या कॉलेजातल्या बिसेन मॅडमनी थर्माकोलचा डबा आणि बावीस बाटल्या तिच्या हवाली केल्या.

बापाची स्कूटी घेऊन रेणू गावोगाव फिरली. शेवटची विहीर धुरपताबाईची. सत्तरी ओलांडलेली ही बाई अंगणात मोहफुलं वाळवत बसली होती.

"कोनाची पोरगी होस वो? अन् पानी कायले नेऊन राहिली?"

"तपासायले, आजी."

"का झालं आमच्या विहिरीले? माह्या सासऱ्यानं खांदली. सारं गाव पेलं, कोनी मेलं नाई!"

तरी एक बाटली तिनं भरू दिली.

दुसऱ्या दिवशी रेणूनं प्रयोगशाळेत डबा उघडला. बर्फ वितळला होता, बाटल्यांवरच्या कागदी चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या. मॅडमनी एकेक बाटली उजेडात धरून पाहिली.

"आता कुठली कुठली, हे पाण्यालाच विचारायचं का?"

बसमध्ये रेणू सडक अर्जुनीपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडली. मग घरी आली, पोटभर जेवली आणि नव्या बाटल्यांवर न पुसणाऱ्या शाईनं आकडे घालत बसली.

पुन्हा पाणी मागायला आलेली पाहून धुरपताबाईनं कारण विचारलं. रेणूनं खरं ते सांगितलं. म्हातारी इतकी हसली, की तिला ठसका लागला.

"चिठ्ठ्या पोहून राहिल्या होत्या म्हनतेस? चाल, मी येतो तुह्यासंग. दुसऱ्यांदा तुले कोनी पानी नाई देनार."

खरंच, पदर खोचून ती स्कूटीवर मागे बसली. कुणी कां-कूं केलं, की "माही नात होय, भरू दे!" म्हणून दटावायची. दोन दिवसांत बावीसही बाटल्या भरल्या.

निकाल आला. एकवीस ठिकाणचं पाणी ठीक होतं. एका विहिरीत मात्र खतातून उतरणारं नायट्रेट पिण्याच्या मर्यादेच्या दुपटीवर. ती विहीर धुरपताबाईची.

रेणूनं तो आकडा दोनदा पडताळून पाहिला. जिनं आपलं काम सावरलं, तिलाच हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी तपासणीचा छोटा संच घेऊन ती गेली आणि म्हातारीच्या डोळ्यांसमोर पाण्यात पूड टाकली. थोड्या वेळानं पाणी गडद गुलाबी झालं.

"हे खताचं, आजी. तुमचा शेणखताचा खड्डा विहिरीपासून दहा पावलांवर आहे. झिरपून राहिलं. तान्ह्या लेकराले तर हे पाणी बिलकूल नको."

नातसून पुष्पांजली सहा महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन उभी होती. त्याला वरचं दूध चालू होतं, याच पाण्यात कालवलेलं.

"पण आमी त उकळून देतो," ती घाबरून म्हणाली.

"उकळून हे जात नाही, वहिनी. उलट पाणी आटून आणखी वाढते."

धुरपताबाईनं उठून विहिरीपासून खड्ड्यापर्यंतची पावलं मोजली. रेणूला वाटलं, आता आपल्याला हाकलणार.

"विहीर सासऱ्याची," म्हातारी हळू म्हणाली, "पन खड्डा मीच तेथी करवला. जवळ पडते म्हनून." मग तिनं आवाज चढवला, "पुष्पांजली, आजपासून शाळेजवळच्या बोरिंगचं पानी! अन् वो पोरी, ते बोरिंग तरी तपासलं का?"

"तपासलं. चांगलं आहे."

चार दिवसांत खड्डा विहिरीपासून दूर, उताराकडे गेला. आठवड्यात गावातले आणखी तीन खड्डे हलले, कारण धुरपताबाई कुणाला स्वस्थ बसू देईना.

जुलैत कॉलेजात सादरीकरण झालं, तेव्हा ती बस पकडून गोंदियाला आली आणि पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर 'विहीर क्रमांक बावीस' असं आलं.

"नंबर काऊन?" ती भर सभागृहात म्हणाली. "माहं नाव लिव ना!"

सगळे हसले, मॅडमसुद्धा. रेणूनं तिथल्या तिथे नाव टाइप केलं. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा थोडा खाली आला होता. पिण्याजोगं व्हायला अजून वेळ होता, म्हणून पुढची तपासणी संक्रांतीनंतर ठरली. त्या दिवशी धुरपताबाईनं रेणूला जेवायलाच बोलावलं.