न चाखलेलं पायसम

कुंभकोणमच्या मराठी घरांत लग्नमुंज ठरली की मेलकावेरीच्या मीनाक्षीबाईंना स्वयंपाकासाठी निरोप जातो. तुमचे पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात कोण होते, असं कोणी विचारलं तर त्या म्हणतात, "आचारीच असतील, दुसरं काय!"

त्यांची शुगर बरीच वर्षं चढलेली होती. या खेपेला डॉक्टर शरण्यांनी डोळ्यांची तपासणी करवली आणि सरळ सांगितलं, "अम्मा, पडद्याला इजा सुरू झालीय. गोळ्या नेमाने घ्या, गोड बंद करा. नाहीतर चूल दिसायची नाही."

"चाखल्याशिवाय आचारी कसला?"

"दिवसभर चाखता, त्याला मी जेवण म्हणते."

हे बाईंना लागलं. चूल सोडायची नव्हती, मग जीभ आवरायला हवी. तिरुनीलक्कुडीला माहेरच्या कुंपणावर सिरुकुरिंजानचा वेल होता. मराठी मुलखात त्यालाच बेडकीचा पाला किंवा गुडमार म्हणतात. शुगर उतरते म्हणून गावात लोक त्याचा काढा पितात. बाईंना त्याचा दुसरा गुण हवा होता. पान चावलं की काही वेळ साखर वाळूसारखी लागते. गोड गोडच लागलं नाही तर हात कढईकडे कशाला जाईल? रोज पान चावूनच त्या चुलीशी उभ्या राहू लागल्या.

पापनाशम गावच्या एका बारशाला सवयीने हात गेलाच. पायसम, म्हणजे गुळाची खीर, मिळमिळीत लागलं. "भवानी, गूळ हलका निघाला गे," त्या भाचीला म्हणाल्या आणि आणखी गूळ फोडून घातला. पुन्हा चाखलं, पुन्हा घातला.

पहिल्या पंगतीत केळीच्या पानांवर पायसम तसंच राहिलं. यजमान कृष्णमूर्ती आत आले. "अक्का, बारसं बाळाचं आहे, मुंग्यांचं नव्हे."

भवानीने थेंबभर चाखून कपाळाला हात लावला. "आत्या, सकाळी पान चावलंस ना?"

बाईंनी अर्धं पायसम दुसऱ्या पातेल्यात काढलं, त्यात शिजवलेली डाळ आणि नारळाचं दूध ओतलं, आणि भवानीच्या जिभेवर दुसरी पंगत निभावली.

परतताना बसमध्ये भवानी म्हणाली, "तो पाला सोड आता."

"पाला कशाला? चाखणंच सोडते."

"आणि चव?"

"नैवेद्याचं पुरण कधी जिभेला लावलंय मी? देवाचं निभतं, मग माणसांचंच काय अडलंय?"

दुसऱ्या दिवसापासून घरी छोट्या पातेल्यात तालीम सुरू झाली. गूळ तोलून घ्यायचा, पाकाची तार बघायची, वास घ्यायचा. चाखायचं ते भवानीने. एकदा ती तोंड वाकडं करून म्हणाली, "आज देव उठून गेला असता." बाईंनी पुन्हा पातेलं चढवलं.

पुढच्या तपासणीत शुगर उतरलेली दिसली. पाल्याचं कळल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "त्यानेच उतरली म्हणायचं?"

"ते तुम्ही सांगा. मी गोळी चुकवली नाही आणि कढई चाखली नाही."

"पाला घेताय हे आधी सांगायचं. गोळीच्या जोडीने शुगर फार खाली गेली तर चक्कर येईल."

बाईंनी मान डोलावली. पान आता चावायचं ते काम आटोपल्यावर, डॉक्टरांना विचारून, उरलेले लाडू घरी आले की, म्हणजे ते गोड लागत नाहीत.

त्याच बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला कृष्णमूर्तींनी पुन्हा बोलावलं, पण स्वतः वाटी घेऊन चुलीशी उभे राहिले.

"अक्का, एकदा चाखून बघा."

"मी चाखत नाही. तुम्ही चाखा."

त्यांनी चाखलं. आणखी वाढा म्हणून वाटी पुन्हा पुढे केली.

"बाकीचं पंगतीत," म्हणत बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.