आधी वन्संच्या हातावर

वन्सं गेल्याचा फोन सिरसाळ्याहून आला, तेव्हा मी कपाट आवरत होते. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, तुमची आत्याआजी. महिना उलटला, पण नातवंडांनो, आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले आणि रडू येण्याऐवजी पेन नुसतं पळतंय...

तुमचा बाबा शाळेत होता. गॅदरिंगमध्ये राजपुत्राचं काम मिळालं आणि नेमकी अंगभर खरूज! बाईंनी सांगितलं, बरं झालं तरच स्टेजवर. डॉक्टरांचं मलम चालू होतं, तरी खाज हटेना. पोरगं भिंतीला पाठ घासत संवाद पाठ करायचं. वन्संना कळलं मात्र, मिळेल त्या गाडीनं बीडला हजर! पिशवीतून बाटली काढली. शेतातल्या करंजाच्या बियांचं, घाण्यावरून काढून आणलेलं तेल. बूच उघडताच घरभर उग्र, कडवट वास. मी घाईनं वाटी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि तेल स्वतःच्याच मनगटाच्या आतल्या बाजूला चोळलं.

“वैनी, तेल नवं हाय. जळजळलं तर माझं जळू दे. लेकराचं कावून?”

“अहो, पण गॅदरिंग तोंडावर आलंय!”

“मग सोललेला राजपुत्र पायजे का तुमाला?”

सकाळी पाहते तर त्यांचा हात लालभडक! मी घाबरले, त्या मात्र खूश. “बघा, वाचलं का न्हाई पोरगं!” मग तेलात खोबरेल मिसळलं, दुसऱ्या हातावर लावलं, पुन्हा थांबल्या. तो हात साफ राहिला तेव्हाच लेकाच्या पाठीला बोट लावलं. हळूहळू खपल्या पडल्या, बाईंनी होकार दिला. राजपुत्र ऐटीत स्टेजवर आला... आणि शेजारच्या राणीनं नाक दाबलं! पहिल्या रांगेपर्यंत वास. हशा पिकला, आणि वन्सं बाकावर चढून ओरडल्या, “लई भारी, माझ्या राजा!”

पुढेही त्यांची रीत तीच. शेळीला लावायचं असलं तरी आधी आपला हात. मी हसले की म्हणायच्या, “तिला काय सांगता येतंय व्हय, जळतंय म्हणून?”

गेल्या आठवड्यात भाच्यानं त्यांनी भरून ठेवलेली शेवटची बाटली आणून दिली. ईशान, तिकडच्या थंडीत तुझे कोपर खाजतात ना? तुझा बाबा म्हणाला, “आई, लगेच पाठव.” लगेच? काल बूच उघडलं. तोच वास... जणू वन्सं दारात! मी मनगटाच्या आत थेंब चोळला. आज सकाळी खिडकीपाशी हात उजेडात धरला. लाल झालाय! खोबरेल काढून ठेवलंय. थांब रे राजा, माझा दुसरा हात अजून बाकी आहे.