आफ्रिकेच्या आभाळातली हजेरी

माझी सारी नोकरी अमरावतीला पोलिसांच्या बिनतारी कक्षात गेली. सकाळचं पहिलं काम हजेरीचं. एकेका ठाण्याला पुकारायचं. नांदगाव खंडेश्वर? हजर. अचलपूर? हजर. कोणी गप्प राहिलं तर तीनदा पुकारायचं, आणि तरी आवाज आला नाही तर शेजारच्या ठाण्याला तिकडे माणूस पाठवायला सांगायचं. सोडून पुढे जायचं नाही. कापसाची ती वाईट वर्षं होती. 'हजर'च्या मागोमाग रात्रीतून कुठल्या गावात कोण गेलं ते यायचं, आणि मी मान वर न करता लिहून घ्यायचो.

त्याच वर्षांत मी निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत बायको गेली. मुलगा जर्मनीत इंजिनियर. घरात बोलणारा म्हणून एक रेडिओ उरला, पण तो आपलंच सांगत बसतो, दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. मला असली माणसंही आवडत नाहीत.

एका रविवारी मुलाचा फोन आला. "बाबा, एक काम होतं. तुमच्याच लायनीतलं."

काम ऐकून मी उडालोच. पोरगा तिकडे ग्लायडर उडवायला शिकला होता. म्हणजे बिनइंजिनाचं विमान, वाऱ्यावर तरंगणारं.

"बिनइंजिनाच्या विमानात बसाले तुले इतकं शिकवलं काय?" मी म्हटलं. तो नुसता हसला.

त्याच्या क्लबची मंडळी हिवाळ्यात ग्लायडर कंटेनरमध्ये घालून दक्षिण आफ्रिकेला नेत, कारण तेव्हा तिथे उन्हाळा. प्रत्येक ग्लायडरमध्ये एक छोटा डबा असतो. तो रेडिओवरून सतत सांगत राहतो की मी इथे आहे, असा असा चाललोय. दुसऱ्यांच्या डब्यांचंही ऐकतो, आणि टक्कर होईलसं दिसलं की ओरडतो. जर्मनीत मंजूर झालेला हा डबा आफ्रिकेत चालेल का, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने पाठवलेले नियम मी राजकमल चौकातल्या सायबर कॅफेतून छापून आणले आणि डिक्शनरी घेऊन बसलो. कोणत्या देशात कोणती फ्रिक्वेन्सी, किती ताकदीने बोलायचं, कोणाचा शिक्का लागतो, सगळं वेगवेगळं. इंग्रजी असं की वकिलालाही घाम फुटावा. पण खरं सांगतो, बायको गेल्यापासून इतके बरे दिवस आले नव्हते. सकाळी उठायला कारण होतं.

शेवटी उलगडा झाला. युरोपचा शिक्का तिथे चालत नव्हता. डब्याच्या नव्या मॉडेलला तिथली मंजुरी होती, याच्या जुन्याला नव्हती.

"तुझ्या डब्याले तिथं बोलाची परवानगी नाही," मी फोनवर सांगितलं.

"मंग बंद ठेवतो. बरेच जण तसेच उडतात."

"बंद ठेवला तर दुसऱ्याले तू दिसशीन कसा?"

"डोळे आहेत ना बाबा सगळ्याइले."

मी चिडलो. "ज्याचा आवाज नाही तो हजर नाही. नवा डबा घे, नाही तर जाऊ नको. अन् रोज उतरला की मले सांगजो."

कुरकुर करत त्याने क्लबातल्या एकाचा नवा डबा मागून घेतला आणि गेला. मग रोज माझ्या जेवणाच्या वेळेला मोबाईलवर एकच शब्द यायचा. हजर. तो आला की मी भाकरी मोडायचो. ताट वाढून त्या शब्दाची वाट पाहणं, हीच माझी संध्याकाळ झाली.

एके दिवशी तो शब्द आला नाही. मी फोन लावला. लागला नाही. सवयीने तीनदा लावला. मग शेजारचं ठाणं आठवायला लागलो, आणि ध्यानात आलं की त्याच्या एकाही सोबत्याचा नंबर माझ्याकडे नाही. विचारायचं तरी कोणाला? ताट झाकून ठेवलं ते झाकलेलंच राहिलं.

सकाळी दहाला दुसरा चहा उतू जात असताना फोन वाजला.

"बाबा, मी बरा आहो. वारा पडला, एकाच्या वावरात उतरावं लागलं. रेंज नव्हती, आता रोडवर आलो तं भेटली. त्यानंच जेवू घातलं, झोपाले जागा देल्ली." मग म्हणाला, "काल दुपारी डबा ओरडला होता. ढगाआडून दुसरा आला समोर. दोघंही वळलो."

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसलो. देवाचं नाव घ्यावं की याला शिव्या द्याव्यात ते कळेना.

"तुमचा आवाज असा काहून येऊन राहिला? जेवले नाही काय रात्री?"

"जेवलो."

"बाबा, मी हजर म्हणतो तं तुमाले समजते. तुमची हजेरी कोण घेते?"

"आवाज कटून राहिला," मी म्हणालो, "मंग बोलतो."

लाईन अगदी स्वच्छ होती. आफ्रिकेपासून अमरावतीपर्यंत कुठेच खरखर नव्हती.