गाप्सिकच्या टाकीचं कुलूप

मा गाप्सिकच्या हातावर उकडलेलं रताळं ठेवलं तरी तो आधी मोडून आत बघतो. वय एकाहत्तर. दक्षिण कोरियात, आमच्या हेनामकडच्या गावात किमचीचा कोबी पिकवतो. पंचवीस वर्षं मी त्याचा डिझेल ट्रॅक्टर दुरुस्त करतोय आणि पंचवीस वर्षं तो माझ्या हातांकडे डोळे लावून बसतो. राग येतो, पण सांगणार कोणाला?

या वसंतात टाकीतलं डिझेल कोणीतरी काढतंय असं त्याच्या डोक्यात बसलं. इंजिन म्हातारं झालंय, जास्त पितंय, असं मी दहादा सांगितलं. त्याने माझं ऐकून घेतलं आणि टाकीच्या झाकणावर पत्र्याची टोपी बसवून तिला कुलूप ठोकलं. किल्ली गळ्यात. डिझेल भरताना तो आम्हाला पाठ फिरवायला लावायचा.

ऑगस्ट संपत आला आणि ट्रॅक्टर रुसला. अर्धा तास चालायचा, धापा टाकायचा, बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. गाप्सिकला चोर लगेच सापडला: शेजारचा बान योंग्सू.

या दोघांची तीस वर्षांची सावड. पाठीचं ऑपरेशन झाल्यावर योंग्सूने आपला ट्रॅक्टर विकला. तेव्हापासून गाप्सिक त्याचंही रान नांगरायचा आणि योंग्सू आपल्या छोट्या गाडीतून दोघांच्या डिझेलचं पिंप आणायचा. त्या पिंपातलं डिझेल काढून योंग्सूने पाणी घातलं, असं गाप्सिक गावच्या बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलला. त्याचं रान आता नांगरणार नाही, हेही बोलला. योंग्सू तिथेच बसला होता. पेल्यातली तांदळाची दारू तशीच ठेवून तो उठून गेला.

त्याची रोपं ट्रेमध्ये वाढून बसली होती. चार दिवसांत लागली नाहीत तर वर्ष गेलं. दुसऱ्या दिवशी तो पाठीला पट्टा बांधून कुदळीने सऱ्या ओढताना दिसला. मला ते बघवेना.

मी हत्यारं घेऊन गाप्सिककडे गेलो. डिझेल काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवलं. तळाशी पाण्याचा थेंब नाही. फिल्टर नवा घातला, हातपंपाने नळ्यांतली हवा काढली. इंजिन अर्धा तास चाललं आणि मेलं.

"तू त्याच्याच बाजूचा," गाप्सिक म्हणाला. "बरणी घरून धुऊन आणलीस."

मी टाकीखालची नळी सोडवली. डिझेल करंगळीएवढ्या धारेने पडलं, मग धार बारीक झाली, मग थेंब. टाकी तर काठोकाठ भरलेली. म्हणजे वरून आत हवाच जात नव्हती.

"दादा, किल्ली द्या."

"नाही."

"मग तुम्हीच उघडा. मी पाठ फिरवतो."

मी पाठ फिरवली. कुलूप वाजलं, झाकण किरकिरलं, आणि टाकीने जोरात श्वास आत ओढला. मी वळून पाहिलं. पत्र्याची टोपी हलू नये म्हणून त्याने अलीकडेच झाकणावर ट्यूबचं रबर घट्ट आवळलं होतं. झाकणाला हवेसाठी असतं ते बारीक भोक त्याखाली बुजलं होतं.

मी नळी परत जोडली, हवा काढली. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं. तासभर झाला, दीड तास झाला. गाप्सिक रबराचा तुकडा हातात धरून उभा होता. मला वाटलं होतं त्याची चांगली जिरवावी, पण मी हत्यारं पेटीत भरायला लागलो.

त्याने आपलं रान सोडून ट्रॅक्टर सरळ योंग्सूच्या रानात घातला. योंग्सूने कुदळ ठेवली आणि बांधावर बसून राहिला. दुपारपर्यंत सगळ्या सऱ्या पडल्या, रोपं वाचली.

मग गाप्सिक खाली उतरला, गळ्यातली किल्ली काढून त्याने योंग्सूपुढे धरली. माफी मागायची त्याला कधी सवयच नव्हती.

योंग्सूने किल्लीला हात लावला नाही. "राहू द्या दादा," तो म्हणाला. "उद्या काही कमी भरलं, तर किल्ली माझ्याकडे होती म्हणाल."

आणि तो रोपांचा ट्रे उचलायला वाकला. पाठीमुळे त्याला ते एकट्याने जमत नव्हतं. गाप्सिक मदतीला पुढे झाला, तेव्हा योंग्सूने मला हाक मारली.