त्रिंबकनानांचा बैल बेंगळुरूला गेला

चूक माझी होती, हे आधीच सांगून मोकळा होतो. तेलगावच्या अंगद पेंटरनं पार्सल बांधायला मला बसवलं, कारण पत्ता इंग्रजीत होता आणि गल्लीत इंग्रजी फक्त मला येतं असा माझाच प्रचार होता. दोन डब्या एकसारख्या. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला तरस पाठवायचं होतं, मी बैल पाठवला. पत्ता मात्र बिनचूक लिहिला.

अंगद आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आलं, पाट्या गेल्या. आता तो बोटाएवढी जनावरं रंगवतो. शहरातली मोठाली माणसं टेबलावर फासे टाकून लढाया खेळतात, त्यांच्यासाठी. कोरी, राखाडी जनावरं तिकडूनच येतात. चार केसांच्या ब्रशनं त्यांना कातडी, खरूज, डोळ्यातलं पाणी अंगदनं द्यायचं. खऱ्यासारखं पाहिजे असतं त्यांना.

पण तो बैल होता शेजारच्या त्रिंबकनानांचा. नानांनी तीस वर्षं बैलगाडी घेऊन ऊसतोड केली आणि शेवटचा बैल, बांड्या, लम्पीनं गेला. बैल नसलेली घरं पोळ्याला मातीची जोडी आणून पुजतात. नाना अडून बसले.

"कुंभाराचा बैल मला वळखतो का? अंगद्या, पाटावर माझा बांड्याच पायजे."

अंगद हो म्हणून बसला. मग नाना आठ दिवस स्टुलावर बसून सांगत राहिले आणि तो रंगवत राहिला. विलायती बैलाला पुट्टीचं वशिंड चढलं, उजवं शिंग टोकाला मोडलं, खांद्यावर जुवाचा घट्टा आला. डाव्या अंगावरचा काळा ठिपका नानांनी तीनदा पुसायला लावला. चौथ्यांदा ते वाकून बघत राहिले.

"वाळू दे," एवढंच म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगदनं डबी उघडली तर आत तरस.

"हे काय बे?"

मी सॉरी म्हणालो. इंग्रजीत.

पोळ्याला अंगद रिकाम्या हातानं गेला. पाट मांडलेला, निवद वाढलेला. "आणला का रं?" नानांच्या बायकोनं, साखराबाईनं विचारलं. अंगदनं खरं ते सांगितलं. नाना हसले.

"जितेपणी कारखान्याच्या पलीकडं गेला न्हाई. मेल्यावर बेंगळूर बघितलं गड्यानं."

मग त्यांनी निवद गल्लीतल्या मोकाट गायीपुढं ठेवला आणि पाट भिंतीला उभा केला.

गिऱ्हाईक बैल परत देईना. लई आवडला होता. त्यानं फोटो धाडला: बांड्या डाव्या कुशीवर आडवा, शेजारी फासे. खालचं मी वाचून दाखवलं. "पहिल्याच डावात मेला. पुढच्या वेळी खांद्यावरचा डाग नको, मळकट दिसतो."

अंगदनं दुसरा राखाडी बैल मागवला. शिंग, वशिंड, घट्टा त्या फोटोवरून जमला. डावं अंग फोटोत न्हाई. स्वतः तो फक्त पैशाच्या कामाचे फोटो काढतो, आणि नानांचा फोन बटनाचा. ठिपका फऱ्यावर होता की पोटाकडं? दोनदा काढला, दोनदा पुसला. शेवटी बैल घेऊन नानांकडं गेला.

"नाना, ठिपका नेमका कुठं होता?"

"कसला ठिपका?"

"बांड्याचा."

"मला काहून इचारतो? तूच काढलाता की." आणि नाना कापसाच्या भावावर बोलायला लागले.

दुसरा पोळा तोंडावर आलाय. नानांचं देणं फळीवर उभं आहे, एका अंगानं पुरं, दुसऱ्या अंगानं राखाडी. ते अंग अंगदनं भिंतीकडं फिरवून ठेवलंय.